गाडीच्या पोटाखाली

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण विद्वान वक्त्यांची व्याख्याने ऐकतो. कोणी ज्ञानेश्वरीवर बोलतात, कोणी आरोग्यावर. मी डिप्लोमा झालेला माणूस. वीस-बावीस वर्षे रेल्वेच्या डब्यांच्या खाली वाकून पाहण्यात गेली. तेव्हा ‘तुझ्या अनुभवाचे काहीतरी सांग’ असे कार्यवाहांनी म्हटल्यावर मी म्हणालो, माझा अनुभव सगळा खालच्या बाजूचा आहे, चालेल का? ते म्हणाले, चालेल. म्हणून आज मी गाडीच्या पोटाखाली साचलेली घाण कशी काढावी, या विषयावर बोलणार आहे. हसू नका. विषय मळका असला तरी त्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

गाडी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. दरवर्षी जिच्यातून बाप्पांची मूर्ती येते ती आपल्या काकांची पांढरी अँबॅसॅडर. काकांचे नाव घेत नाही, कारण त्यांनी तशी अट घातली आहे आणि ते पहिल्याच रांगेत बसले आहेत. गाडी १९७२ सालची, मार्क टू. काकांनी ती निवृत्त झाल्यावर जुनीच विकत घेतली.

या गाडीचे आणि आपल्या भागाचे नाते नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली गुजरातेत ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ मध्ये हुगळीच्या पलीकडच्या काठावर उत्तरपाड्याला आली. त्या कारखान्यावरून तिकडच्या रेल्वे स्टेशनाचे नावच ‘हिंद मोटर’ पडले. धोबीघाटावरून लाँचने श्रीरामपूरला उतरा आणि हावड्याची लोकल पकडा, वाटेत ते लागते. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री या गाडीवरून १९५७ पासून तेथे अँबॅसॅडर बनू लागली आणि मे २०१४ मध्ये उत्पादन थांबले. मुंबईकर मंडळींना आपली कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी आठवेल. वालचंद हिराचंदांच्या कंपनीची ती गाडी. तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. म्हणजे या दोन्ही गाड्या आता बनत नाहीत. ज्या आहेत त्या सांभाळायच्या, एवढेच आपल्या हाती आहे.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी काकांचा निरोप आला. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, हे आपल्याला माहीत असेल. काकांच्या गाडीची मुदत जवळ आली होती. काका म्हणाले, “अरे, तू रेल्वेत गंजाचंच काम करतोस ना? गाडीला खालून एक हात काळा रंग मारून दे. तपासणीत भागून जाईल.”

खरे सांगतो, मीही तेवढ्याच तयारीने गेलो होतो. हातात अंडरकोटचा डबा आणि चार इंची ब्रश. गणपतीची गाडी, काकांचा शब्द, दोन तासांचे काम. वाकून बॅटरीच्या उजेडात खाली पाहिले तर सगळीकडे काळेकुट्ट, गुळगुळीत आणि मजबूत दिसत होते. मग सवयीने पान्ह्याच्या दांड्याने दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिले.

आपल्यापैकी ज्यांनी जुनी स्टेशने पाहिली आहेत त्यांना आठवेल, गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर टोले मारीत जायचा. लहानपणी भुसावळला मला वाटे की हा उगीच वाजवत जातो. पुढे नोकरीत कळले की तो कानाने तपासणी करतो. चांगले चाक खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. काकांच्या गाडीखाली बहुतेक ठिकाणी ‘टण’ असा आवाज आला. डाव्या मागच्या पाट्याचे पुढचे टोक जेथे बॉडीला अडकवलेले असते, तेथे मात्र ‘भद्द’ असा आवाज आला. मी डब्याचे झाकण परत लावले आणि काकांना म्हणालो, “काका, रंग नंतर. आधी खरवडून पाहावे लागेल.” काकांना ते आवडले नाही.

का खरवडायचे, हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ट्रक किंवा जीपला खाली वेगळी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. अँबॅसॅडरला तशी वेगळी चेसिस नाही. तिच्या फ्लोअरचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि खाली जोडलेल्या नळकांडीसारख्या पट्ट्या हाच तिचा सांगाडा. तो गंजला म्हणजे माणसाचा कणाच गेला. वरचे मडगार्ड सडले तर गाडी वाईट दिसेल. खालचा पत्रा सडला तर पाटा किंवा ब्रेकची नळी जागेवर राहणार नाही.

गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मग गाडीखाली चिकटलेल्या चिखलाच्या थराआड हवा कमी, तर गंजही कमी, असे कोणालाही वाटेल. होते नेमके उलटे. ओल्या थराखालच्या लोखंडाला प्राणवायू कमी आणि शेजारच्या उघड्या लोखंडाला जास्त मिळतो. या फरकामुळे त्या ओल्या पत्र्यावरच लहानसा विजेचा सेल तयार होतो आणि झाकलेला भाग झिजू लागतो. शिवाय गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे तो वरच्या अंडरकोटला पोपड्यासारखा उचलतो, फटीतून आणखी पाणी शिरते, आणि बाहेरून काळा थर शाबूत दिसत राहतो. रेल्वेच्या जुन्या निळ्या डब्यांत संडासाजवळचा आणि दारांजवळचा खालचा भाग असाच आतून जायचा. पीओएचला डबा कारखान्यात आला की आमची पहिली नजर तेथेच जाते.

बराकपूरची हवा तर तुम्हाला ठाऊकच आहे. चार महिने पाऊस, रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि गंगेची ती बारीक चिकणमाती! आपल्या खानदेशातला मुरूम वाळला की झडून पडतो. ही माती फटीत बसली की आठवडेच्या आठवडे ओली राहते.

तर पुढच्या रविवारपासून काम सुरू झाले. मदतीला एक बंगाली मिस्त्री होते. वय सत्तरच्या पुढे, आयुष्य अँबॅसॅडरच्या पत्राकामात गेलेले. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली ती कबूल करतो. घोड्या आणायला उशीर झाला म्हणून मी जॅकने गाडी उचलून खाली विटा लावल्या. डबा ट्रेसलवर नीट टेकल्याशिवाय खाली जाऊ नका, असे मी पोरांना रोज ओरडून सांगतो. तोच मी गोणपाट टाकून खाली शिरणार, इतक्यात वीट ‘कट्‌’ करून चिरली आणि गाडी बोटभर खाली बसली. मिस्त्रीदांनी माझा पाय धरून मागे ओढले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “इंजिनिअरबाबू, लोखंडाखाली लोखंडच लावा.” म्हणून माझा पहिला नियम: जमीन सपाट आणि कडक हवी, जमिनीवर असलेल्या चाकांना पाचर हवी, आणि गाडी लोखंडी घोड्यांवर बसलेली हवी. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. विटा, दगड, ओंडके मुळीच नकोत.

दुसरा नियम धुळीचा. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्या काळातल्या काही अंडरकोटमध्येही त्याचे तंतू मिसळत. ती धूळ छातीत गेली की त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. म्हणून कोरडे घासायचे नाही आणि हवेचा झोतही मारायचा नाही. पाणी शिंपडून भाग ओला ठेवायचा. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर धुळीचा चांगला मास्क, हातात मोजे. रुमाल बांधून भागत नाही.

घाणीचे प्रामुख्याने तीन थर असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. सगळ्यात वर माती. ती ओली करून लाकडी पट्टीने किंवा बोथट खरवडणीने निघते. पहिल्या दिवशी आम्ही दोन घमेली माती काढली. त्यात पेंढा होता, कोणाच्या तरी चपलेचा पट्टा होता, आणि आंब्याची एक कोयसुद्धा निघाली.

दुसरा थर तेलकट. इंजिन आणि गिअरबॉक्समधून वर्षानुवर्षे ठिबकलेले तेल धुळीत मुरून त्याचा चामड्यासारखा लपका होतो. त्याला ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावायचे, अर्धा तास थांबायचे, मग खरवडून चिंधीने पुसायचे. पेट्रोल कधीही वापरू नका. आडवे पडलेल्या माणसाच्या अंगावर त्याची वाफ उतरते आणि एका ठिणगीने घात होतो. उजेडासाठीही उघडा बल्ब नको, बॅटरीचा दिवा बरा. रबराचे बुश आणि ब्रेकचे होज यांना रॉकेल लागू देऊ नका, रबर फुगते. आणि हे घाणेरडे रॉकेल गटारात किंवा शेजारच्या पुकुरात सोडू नका. आम्ही खाली ताडपत्री अंथरली होती आणि सगळे डब्यात भरून जुने ऑइल नेणाऱ्याकडे दिले.

येथे एक गंमत दिसली. गिअरबॉक्सच्या आसपास घाण सर्वांत जाड होती. ती पुसल्यावर खाली कारखान्यातला मूळ रंग निघाला, फिकट राखाडी, जणू कालच मारलेला! पन्नास वर्षे तेलाने तो राखला होता. काका तर गाडी जन्मापासून पांढरीच आहे असे समजत होते. ते बराच वेळ वाकून तो रंग पाहत राहिले. म्हणजे घाण म्हटली की सगळी वाईटच असे नाही. तेलकट घाण पत्रा राखते, ओली माती पत्रा खाते.

तिसरा थर अंडरकोटचा, आणि खरे कौशल्य येथे लागते. डांबरी किंवा रबरी लेप पत्र्याला घट्ट चिकटलेला असेल, आवाज खणखणीत असेल, कड नखाने उचलत नसेल, तर तो काढू नका. तो आपले काम करतो आहे. जेथे पोपडा सुटला आहे, तडा आहे किंवा आवाज बद्द आहे तेथेच काढायचा. आम्ही गरम हवेची गन घेऊन लेप मऊ होईपर्यंतच तापवला आणि खरवडणीने पट्टीपट्टीने सोलला. धूर येऊ लागला म्हणजे जास्त तापले. पेट्रोलची टाकी, पेट्रोलची नळी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग यांच्याजवळ गनसुद्धा नेली नाही. तेथे हाताने, पांढऱ्या स्पिरिटने मऊ करून काढले. ज्योतीचा ब्लो लॅम्प तर अजिबात नको. हिवाळ्यातल्या सकाळी जुना लेप कडक असतो तेव्हा तो नुसत्या खरवडणीनेही तुकड्यांनी उडतो. तेच काम वैशाखात केले तर चिकट गुळासारखे होते.

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून काम झटपट होते असे पुष्कळ जण सांगतात. डांबर त्याने निघत नाही, पसरते, आणि ब्रशच्या तारा सुटून डोळ्यात जातात. शिवाय अँबॅसॅडरला पुढच्या चाकांसाठी टॉर्शन बार आहेत, खालून लांबलचक जाणारे पोलादी दांडे. ते सतत पीळ सोसत असतात. त्यांच्यावर ग्राइंडरचा एक ओरखडा उठला तरी तेथून तडा सुरू होऊ शकतो. जोराच्या पाण्याचा फवाराही जपून मारावा, नाहीतर जोडांमध्ये पाणी कोंबले जाते. परदेशात कोरड्या बर्फाचे कण झोताने मारून लेप काढतात. पाणी नाही, वाळू नाही, पद्धत उत्तम आहे, पण खर्चिक आहे.

तिसऱ्या रविवारी आम्ही त्या ‘भद्द’ आवाजाच्या जागी आलो. लेप सोलला तर खाली पत्रा नव्हताच. कधीकाळी कोणत्या तरी गॅरेजमध्ये तेथे डब्याच्या पत्र्याचा तुकडा रिव्हेट मारून बसवला होता आणि वरून जाड डांबर फासले होते. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मिस्त्रीदा म्हणाले, “उपोर थेके भालो, भेतोर थेके शेष.” वरून चांगले, आतून संपलेले. आपल्याकडे याला वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात.

काकांना खाली वाकता येत नाही. मी आरसा धरून त्यांना ते भोक दाखवले. काका काही बोलले नाहीत. आत जाऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “या गाडीतून मी पूजेला नातवंडं फिरवली रे. मागच्याच सीटवर बसायची.” त्या सीटच्या बरोबर खाली ते भोक होते. मग म्हणाले, “भंगारात देऊन टाक.” आणि पाच मिनिटांनी, “नाहीतर तूच नीट झाकून दे, तुझं काम पक्कं असतं.”

मित्रहो, हा क्षण कठीण होता. मी झाकले असते तर कोणाला कळले नसते. नोकरीत एकदा असेच झाले होते. कोठे ते सांगत नाही. एका डब्याचा गंजलेला सोल बार रंगवून पुढे ढकलला गेला आणि रंग पाहून मीही सही केली. पुढच्या तपासणीत दुसऱ्या एका सहकाऱ्याने तो पकडला, म्हणून काही अनर्थ झाला नाही. पण ती सही मला अजून आठवते. मी काकांना म्हणालो, “काका, झाकली मूठ सव्वा लाखाची हे पत्र्याला लागू नाही. मी झाकणार नाही. दुरुस्त होण्यासारखं आहे ते दुरुस्त करू. आणि नाही झालं तर मीच तुम्हाला भंगारात द्या म्हणून सांगेन.” काका माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

नवव्या दिवशी त्यांनी स्वतः मिस्त्रीदांना फोन केला. पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवली, बॅटरी सुटी केली. सडलेला पत्रा खणखणीत वाजणाऱ्या पत्र्यापर्यंत कापून काढला आणि योग्य जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने बसवला. मिस्त्रीदांचा हात असा की सांधा शोधावा लागतो. बाकी जेथे वरवरचा गंज होता तेथे ओल्या हाती तारेचा ब्रश फिरवला, फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक लावले, ते वाळल्यावर प्रायमर, जोडांवर सीलर आणि वर रंगाचा पातळ हात. पेट्यांच्या आत मेण फवारले. काळे डांबर मुद्दामच फासले नाही. फिकट रंगावर पुढचा गंज लगेच दिसतो. ग्रीसचे निपल आणि पाणी निघायची भोके मोकळी ठेवली.

त्या भोकांवरून आठवले. डिकीच्या तळातले पाणी निघायचे भोक पूर्ण बुजले होते. तारेने कोरले तर गुलाबी रंगाचा दगडासारखा घट्ट गोळा निघाला आणि त्यात वाळलेल्या दूर्वा. आपलाच गुलाल! दरवर्षी आपण डिकी उघडी ठेवून मिरवणुकीत उधळतो, मग पाऊस येतो, गुलाल भिजून भोकात बसतो, आणि पाणी आत साचून राहते. डिकीचा एक कोपरा आपण सर्वांनी मिळून भक्तिभावाने गंजवला आहे. तेव्हा यंदापासून डिकीत ताडपत्री घालायची, असा ठराव मी येथेच मांडतो.

होळीनंतर गाडी तपासणीला गेली आणि पास झाली. कोणी विचारतात, पन्नास वर्षे झाली तर व्हिंटेज नोंदणी का केली नाही? २०२१ च्या नियमानुसार मूळ रूपात जपलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. काकांना तीतून बाजारात जायचे असते आणि बाप्पांना आणायचे असते. म्हणून साधीच नोंदणी ठेवली.

सगळे चांगले झाले असेही सांगत नाही. उजव्या दाराखालच्या पेटीचा आवाज मला अजून पूर्ण पसंत नाही. ते काम या हिवाळ्यात घ्यायचे आहे. तोपर्यंत गाडी बराकपूरच्या बाहेर जाणार नाही आणि मागे चार माणसे बसणार नाहीत, असे काकांनी कबूल केले आहे. यंदा मूर्ती आणताना पाहिलेत ना, मागे एकटे बाप्पाच होते.

मला एवढेच सांगायचे आहे. गाडीची खालची बाजू चकचकीत करण्यासाठी साफ करायची नसते. पत्रा कोठे आहे आणि कोठे नाही हे कळावे म्हणून साफ करायची असते. आपल्या प्रत्येकाच्या घरी काहीतरी जुने वाहन आहे, कोणाची स्कूटर, कोणाची मारुती. पावसाळा संपला की एका रविवारी खाली वाकून दांड्याने ठोकून पाहा. आवाज खणखणीत आला तर उत्तम. बद्द आला तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि मला निरोप पाठवा. घोड्या माझ्याकडे आहेत. विटा आणू नका.



गणपती बाप्पा मोरया!